झडत्या पानासारखी सर्व्हिस

गेल्या हिवाळ्यात विज्ञान-प्रदर्शनाच्या निमित्ताने आम्ही मुरबाड तालुक्यातील एका आश्रमशाळेत गेलो होतो. परत निघताना शाळेमागच्या कापणी झालेल्या खाचरात मुलींचा व्हॉलीबॉल चाललेला दिसला. नेट म्हणजे दोन बांबूंना ताणून बांधलेली दोरी आणि तिच्यावर टाकलेली जुनी ओढणी. बाजूला दोन चेंडू होते. एक शिलाई उसवत आलेला, कातड्याचे पापुद्रे सुटलेला. दुसरा नवा, गुळगुळीत. नववीतील एका मुलीने आम्हांला विचारले, "सर, जुना चेंडू सर्व्हिस केल्यावर हवेत नाचतो. नवा नाचत नाही. नवा खराब आहे का?"

आमच्यापैकी एकाने "जुन्या चेंडूचा आकार बिघडला असेल" असे काहीतरी उत्तर दिले आणि आम्ही जीपमध्ये बसलो. शहापूरपर्यंतच्या रस्त्यात आमच्याच लक्षात आले, की उत्तर पुरते नव्हते. मुलीने दोन चेंडू घेऊन, हात तोच ठेवून तुलना केली होती. एवढ्या नेमक्या निरीक्षणाला 'असेल' हे उत्तर शोभत नाही. म्हणून हा लेख.

हवेत 'नाचणाऱ्या' सर्व्हिसची सर्वांत प्रसिद्ध गोष्ट जपानची आहे. १९६४ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉलचा प्रथमच समावेश झाला, आणि स्त्रियांना ऑलिंपिकमध्ये मिळालेला हा पहिला सांघिक खेळ. त्याआधी १९५२, १९५६ आणि १९६० या तिन्ही जागतिक स्पर्धा सोव्हिएत संघाच्या स्त्रियांनी जिंकल्या होत्या. त्या उंच होत्या, ताकदीने स्मॅश मारत. जपानी मुली त्यांच्यापुढे बुटक्या. तरी १९६२ साली मॉस्कोत जपानने जागतिक विजेतेपद मिळवले, आणि २३ ऑक्टोबर १९६४ रोजी ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यात १५-११, १५-८, १५-१३ असे सरळ तीन गेम जिंकले. बारा जणींच्या त्या संघातील दहा जणी एकाच कापड गिरणीच्या होत्या: ओसाकाजवळची निचिबो कंपनीची काइझुका गिरणी. दिवसा गिरणीत काम आणि दुपारनंतर रात्री उशिरापर्यंत सराव. कर्णधार मासाए कासाई, प्रशिक्षक हिरोबुमी दाइमात्सु. त्या दिवशी टोकियो परिसरात दूरदर्शन संच असलेल्या घरांपैकी ६६.८ टक्के घरांत हा सामना चालू होता.

परदेशी वृत्तपत्रांनी या संघाला 'पूर्वेकडच्या चेटकिणी' असे नाव दिले. नाव कौतुकाचे होते. आपल्या भागात मात्र हा शब्द वर्गात जपून वापरावा. 'भुताळी' ठरवून एखाद्या बाईला छळल्याच्या घटना आदिवासी पाड्यांना ठाऊक आहेत, आणि मुलींना तो शब्द गमतीचा वाटेलच असे नाही.

या संघाकडे दोन खास गोष्टी होत्या. एक, न फिरणारा चेंडू टाकणारी सर्व्हिस. तिच्या एका प्रकाराला जपानीत 'झाडावरून पान गळावे तशी' अशा अर्थाचे नाव होते. दुसरी, चेंडूखाली सूर मारून लगेच गोलांटी घेत उभे राहण्याची पद्धत. आधी सर्व्हिसकडे पाहू.

व्हॉलीबॉलचा परीघ ६५ ते ६७ सेंटिमीटर, म्हणजे व्यास सुमारे २१ सेंटिमीटर. वजन २६० ते २८० ग्रॅम. एवढ्या आकाराच्या मानाने तो फारच हलका आहे. आता समजा, चेंडू सेकंदाला १५ मीटर (ताशी ५४ कि.मी.) वेगाने चालला आहे. हवेचा त्याला होणारा विरोध काढायचा तर हवेची घनता, चेंडूचे समोरून दिसणारे क्षेत्रफळ, वेगाचा वर्ग आणि एक 'विरोध-गुणांक' यांचा गुणाकार करून त्याची निम्मी घ्यावी लागते. गुणांक ०.४५ घेतला तर विरोध सुमारे २.१ न्यूटन येतो. चेंडूचे वजन २.६५ न्यूटन आहे. म्हणजे हवा त्याला वजनाच्या जवळजवळ चार-पंचमांश जोराने मागे ढकलते! गोळाफेकीच्या गोळ्याला हवा जणू नसतेच. व्हॉलीबॉलला मात्र ती पदोपदी भेटते. हवेत थोडे काही बदलले, की चेंडूची वाट बदलणार.

आणि बदलते तो हा विरोध-गुणांकच. पावसाळा ओसरल्यावर काळू नदीच्या पात्रातील एखादा गोटा पाहावा. पाणी समोरून येते, गोट्याला दोन्ही अंगांनी वळसा घालते, पण मागच्या बाजूला त्याला चिकटून राहत नाही. एका जागी ते गोट्यापासून सुटते आणि मागे भोवऱ्यांचा एक रुंद पट्टा तयार होतो. चेंडूभोवतीच्या हवेचेही तसेच. चेंडूला लगटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराला सीमास्तर म्हणतात. हा थर शांतपणे, घडीवर घडी ठेवल्यासारखा वाहत असेल, तर तो लवकर दमतो आणि चेंडूचा सर्वांत रुंद भाग येण्याआधीच सुटतो. मागचा भोवऱ्यांचा पट्टा रुंद, म्हणून विरोध जास्त. पण तोच थर खळबळीचा झाला, तर बाहेरची वेगवान हवा त्यात मिसळत राहते, त्याला बळ मिळते आणि तो चेंडूच्या मागच्या अंगापर्यंत चिकटून राहतो. पट्टा अरुंद होतो, विरोध निम्म्याहूनही कमी होतो. आपल्या उदाहरणात गुणांक ०.२ झाला, तर २.१ न्यूटनचा विरोध ०.९ वर येतो.

खळबळ वाढली आणि विरोध घटला, हे पहिल्यांदा ऐकताना उलटे वाटते. वर्गात हे सांगताना आम्ही येथे नेहमी थांबतो. मुलांनी शंका घेतली नाही तर त्यांना समजले नाही असे धरतो.

शांत थर खळबळीचा कधी होतो? वेग एका मर्यादेपलीकडे गेला की. ही मर्यादा चेंडूच्या व्यासावर, हवेच्या श्यानतेवर, म्हणजे चिकटपणावर, आणि पृष्ठभागाच्या खडबडीतपणावर ठरते. पहिल्या तिन्हींची सांगड घालणाऱ्या संख्येला रेनॉल्ड्स अंक म्हणतात (वेग गुणिले व्यास भागिले श्यानता-घनतेचे गुणोत्तर). आपल्या चेंडूसाठी तो सुमारे दोन लाख येतो. गुळगुळीत-खडबडीत असा फरक धरून व्हॉलीबॉलची ही मर्यादा साधारण ताशी ४५ ते ६५ कि.मी.च्या पट्ट्यात पडते. आणि नेमक्या याच वेगाने न फिरणारी सर्व्हिस केली जाते. नेटवरून जाईल पण मैदानाबाहेर पडणार नाही असा वेग हवा, म्हणून तो तेवढा; कोणी रेनॉल्ड्स अंक मोजून ठरवलेला नाही.

आता चेंडू न फिरता चालला आहे. त्याच्या एका अंगाला शिवण आडवी आली आहे, दुसऱ्या अंगाला सपाट पाकळी. शिवणीच्या बाजूचा थर खळबळीचा होतो, सपाट बाजूचा शांतच राहतो. एका बाजूला हवा उशिरा सुटते, दुसऱ्या बाजूला लवकर. मागचा पट्टा एका कडेला कलतो आणि चेंडू विरुद्ध दिशेला ढकलला जातो. हा आडवा जोर वजनाच्या चौथ्या भागाइतका असला आणि अर्धा सेकंद एकाच दिशेने टिकला, तरी चेंडू सुमारे ३० सेंटिमीटर सरकतो. वीतभराहून जास्त! एवढ्यात चेंडू किंचित वळला, की शिवणींची मांडणी बदलते आणि जोर दुसरीकडे वळतो. शिवाय वाटेत वेग कमी होत जातो. तो मर्यादेखाली उतरला, की दोन्ही अंगांचा थर शांत होतो, विरोध एकदम दुप्पट होतो आणि चेंडू पुढे जायचे सोडून खाली येतो. समोरच्या खेळाडूला वाटते, चेंडूने मध्येच विचार बदलला. सागाचे वाळके पान पडताना पाहिले असेल, तर जपान्यांनी दिलेले नाव पटेल. पानाचे कारण थोडे वेगळे, ते चपटे असते. पण दिसते तसेच.

चेंडूला फिरकी दिली तर हे होत नाही. शिवणी भराभर फिरतात, दोन्ही अंगांना सारख्याच वाट्याला येतात, आणि आडव्या जोरांची वजाबाकी होऊन जाते. फिरकीचा स्वतःचा जोर असतो. वरची बाजू पुढे फिरत असेल तर चेंडू लवकर खाली वळतो. पण तो ठरलेला असतो आणि सरावाने ओळखता येतो. न फिरणारा चेंडू टाकणारीलाही ठाऊक नसते, तो कोठे जाईल. म्हणून तर हातांचा तळवा घट्ट ठेवून, चेंडूच्या बरोबर मध्यावर, थोडका आणि कडक फटका मारायचा आणि हात तेथेच थांबवायचा, असे शिकवतात. मध्यापासून जरा बाजूला लागला, की फिरकी आली.

घेणारीच्या बाजूने पाहू. पट्टी पकडण्याचा प्रयोग बहुतेक शिक्षकांना माहीत आहे. एकाने ३० सेंटिमीटरची पट्टी उभी धरून सोडायची, दुसऱ्याने बोटांनी पकडायची. पट्टी २० सेंटिमीटर निसटली, तर प्रतिसादाला ०.२ सेकंद लागले. हे करून पाहिले, की आंतरराष्ट्रीय खेळाडूंचा आकडाही यापेक्षा फार वेगळा नसतो हे सांगावे. मुलींना आश्चर्य वाटते. आता नेटजवळून ताशी ८० कि.मी. वेगाने मारलेला स्मॅश साडेसहा मीटरवरच्या खेळाडूपर्यंत ०.३ सेकंदात पोहोचतो. ०.२ प्रतिसादात गेले, उरले ०.१. तेवढ्यात पाऊल उचलणेही शक्य नाही. तरी स्मॅश उचलले जातात, ते चेंडू मारण्याआधीच मारणारीचा खांदा, धाव आणि कोपर पाहून अंदाज बांधल्यामुळे. न फिरणारी सर्व्हिस हा अंदाजच मोडते. सोव्हिएत खेळाडूंची उंची आणि ताकद पहिल्याच स्पर्शाला अडखळली, की स्मॅशसाठी नीट चेंडू उठत नाही. बुटक्या संघाने उंच संघाला हरवले ते असे, हवेला आपल्या बाजूने घेऊन.

दुसरी गोष्ट गोलांटीची. कलंडली तरी पुन्हा उभी राहणारी तळजड बाहुली पाहून दाइमात्सुंना ती सुचली असे सांगतात. यामागे संवेगाचा साधा नियम आहे. अंगाचा वेग तर थांबवायचाच आहे. थांबायला जितके अंतर जास्त, तितका जोर कमी. सूर मारून पोटावर आपटले तर वेग काही सेंटिमीटरांत थांबतो. गोलांटीत तो खांदा, पाठ, कंबर असा वाटत जातो, आणि उरलेल्या वेगाने खेळाडू उभी राहते.

हाच हिशेब उडीनंतर जमिनीवर उतरण्याला लागू आहे, आणि आम्हांला तो सर्व्हिसपेक्षाही महत्त्वाचा वाटतो. ४० किलो वजनाची मुलगी ३० सेंटिमीटर उडी मारून खाली येते. गुडघे ताठ ठेवून उतरली आणि शरीर ५ सेंटिमीटरांत थांबले, तर थांबण्याच्या काळातील सरासरी जोर वजनाच्या (१ + ३०/५), म्हणजे ७ पट. २८० किलोचा भार. गुडघे आणि कंबर वाकवून ३० सेंटिमीटरांत थांबली, तर फक्त दुप्पट, ८० किलो. मुलींच्या गुडघ्यातील अस्थिबंध फाटण्याचे प्रमाण त्याच खेळातील मुलांपेक्षा जास्त आढळते, आणि उतरताना गुडघे आत वळणे हे त्याचे एक कारण मानले जाते. १९९९ साली अमेरिकेत हेवेट आणि सहकाऱ्यांनी फुटबॉल, व्हॉलीबॉल आणि बास्केटबॉल खेळणाऱ्या शाळकरी खेळाडूंवर अभ्यास केला. उडी आणि उतरणे यांचा सहा आठवडे सराव केलेल्या मुलींच्या तुलनेत सराव न केलेल्या मुलींना गुडघ्याच्या गंभीर दुखापती ३.६ पट झाल्या. या सरावाला पैसे लागत नाहीत. एकीने उडी मारायची, दुसरीने समोर बसून गुडघे पायाच्या बोटांच्या रेषेत राहिले का ते पाहायचे, आणि उतरल्याचा आवाज ऐकायचा. आवाज मोठा म्हणजे जोर मोठा. गोलांटी मात्र मुरमावर शिकवू नये. झोडणी झाल्यावर भाताचा पेंढा गावात असतोच. तो जाड पसरावा.

उडी मोजणेही सोपे. बोटांना खडू लावून भिंतीशेजारी उभे राहून एक खूण, उडी मारून दुसरी. १५० सेंटिमीटर उंचीच्या मुलीचा वर केलेला हात सुमारे १९० ते १९५ सेंटिमीटरपर्यंत पोहोचतो. स्त्रियांच्या नेटची उंची २.२४ मीटर आहे (पुरुषांच्या २.४३). ३० सेंटिमीटर उडीने तिची बोटे जेमतेम नेटच्या वरच्या कडेला लागतात. म्हणजे या नेटवर तिला स्मॅश कधीच जमणार नाही, आणि ती 'मला येत नाही' असे ठरवून खेळ सोडील. लहान वयासाठी नेट उतरवण्याची मुभा नियमांतच आहे. दोरी खाली बांधा. आणि "आदिवासी मुली मुळातच काटक, त्यांना शिकवावे लागत नाही" हे वाक्य आम्ही अनेक ठिकाणी ऐकले आहे. ते कौतुक नव्हे, शिकवण्यातून सुटका आहे.

काटकपणाबद्दल एक आकडा पाहा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातील १५ ते १९ वयाच्या मुलींपैकी ५९.१ टक्के रक्तक्षयी आढळल्या. व्हॉलीबॉलमधील एक उडी किंवा एक फटका स्नायूंत साठलेल्या शक्तीवर होतो, त्याला त्या क्षणी ऑक्सिजन लागत नाही. पण दोन उड्यांमधल्या विश्रांतीत तो साठा पुन्हा भरतो तो ऑक्सिजनवरच, आणि ऑक्सिजन आणते हिमोग्लोबिन. म्हणून रक्तक्षयी मुलगी पहिल्या गेममध्ये इतरांइतकीच उडते आणि तिसऱ्यात तिचे हात खाली येतात. शिक्षक म्हणतात, "हिच्यात जिद्द नाही." पाळीच्या एका चक्रात ३०-४० मिलिलिटर रक्त जाते, त्याबरोबर १५ ते २० मिलिग्रॅम लोह. भात आणि डाळीच्या जेवणातून लोहाचा थोडाच भाग शोषला जातो. जेवणाबरोबर चहा घेतला तर आणखी कमी, लिंबू किंवा आवळा असेल तर जास्त. बाजारच्या दिवशी मिळणारी सुकट या बाबतीत पालेभाजीपेक्षा सरस आहे. शाळेत आठवड्याला मिळणारी निळी लोहगोळी आणि जंताची गोळी यांची टिंगल होऊ देऊ नये. अनवाणी चालणाऱ्या मुलींच्या रक्तावर आकडीकृमी जगत असतात. एक सावधगिरी: ठाणे-पालघरच्या आदिवासी समाजांत सिकल सेलचा दोष आढळतो. तो लोहगोळीने जात नाही, आणि तो आजार असलेल्या मुलीला पाणी न पिता उन्हात दमवणे धोक्याचे असते. संघ निवडण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्यावे.

दाइमात्सुंची शिस्त कठोर होती. त्यांना 'राक्षस' म्हणत. त्यांच्या यशाचे श्रेय या कठोरपणाला देण्याची आपल्याकडच्या काही प्रशिक्षकांना फार हौस. आम्हांला ते मान्य नाही. त्या मुलींना गिरणीत नोकरी होती, पगार होता, छप्पर असलेले मैदान होते आणि रोज तोच संघ सोबत होता. भारतात स्त्रियांच्या व्हॉलीबॉलमध्ये वर्षानुवर्षे केरळ आणि रेल्वे पुढे आहेत, तेही यामुळेच. रेल्वे आणि केरळचे वीज मंडळ खेळाडूंना नोकरी देतात. भारतीय संघाने २०१६ साली गुवाहाटीत आणि २०१९ साली काठमांडूत दक्षिण आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले. ऑलिंपिकला मात्र आपला स्त्रियांचा संघ अजून एकदाही पात्र ठरलेला नाही. २०२२ पासून चालू झालेली व्यावसायिक प्राइम व्हॉलीबॉल लीग पुरुषांची आहे. गावाकडे पाहिले तर शूटिंगबॉलच्या रात्रीच्या स्पर्धा गाजतात, त्याही मुलांच्याच.

आता नववीतल्या त्या मुलीचा प्रश्न. तिची सर्व्हिस आंतरराष्ट्रीय खेळाडूंपेक्षा मंद, समजा ताशी ४० कि.मी. गुळगुळीत नव्या चेंडूची मर्यादा याच्या बरीच वर आहे. म्हणून दोन्ही अंगांचा थर शांतच राहतो आणि चेंडू सरळ जातो. जुन्या चेंडूचे पापुद्रे आणि उसवलेली शिवण यांमुळे मर्यादा खाली उतरते, तिच्या हाताच्या वेगाजवळ येते, आणि चेंडू नाचू लागतो. नवा चेंडू खराब नाही. तिचा हात अजून त्याच्या वेगापर्यंत पोहोचलेला नाही. पृष्ठभागाचा हा परिणाम कारखानदारांनाही चांगला ठाऊक आहे. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमध्ये मिकासा कंपनीचा नवा चेंडू आला, त्यात पूर्वीच्या १८ ऐवजी ८ पाकळ्या होत्या आणि पृष्ठभागावर मुद्दाम बारीक खळगे पाडलेले होते.

आमचे हे स्पष्टीकरण तपासता येण्याजोगे आहे. आम्ही त्या शाळेला कळवले ते असे: वारा नसलेली सकाळ निवडा. नव्या चेंडूच्या एका अंगाला चिकटपट्टीचे दोन-तीन पट्टे लावा, दुसरे अंग तसेच ठेवा. पट्टे एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे ठेवून न फिरवता सर्व्हिस करा. मैदानाच्या मधोमध चुन्याची रेघ मारा आणि चेंडू रेघेच्या कोणत्या बाजूला पडला ते दर वेळी वहीत लिहा. नोंद करणारीने पट्टे कोणत्या बाजूला होते ते पाहायचे नाही, तिने रेघेकडे पाठीमागून पाहायचे. चेंडू पट्ट्यांच्या बाजूकडे सरकतो असे आमचे म्हणणे आहे. वही अजून आमच्याकडे यायची आहे.